अक्कांच्या मनगटावरचा आकडा

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, समुद्रापासून भरपूर लांब असलेल्या, आणि जिथे नळाला पाणी आल्याची बातमी गल्लीभर ओरडून सांगतात अशा धुळे शहरात, एका निवृत्त महिलेने समुद्राच्या तळाशी जाताना मनगटावर कोणते यंत्र बांधावे या प्रश्नावर सलग अकरा महिने संशोधन केले. या कामी एक बादली, एक विहीर, जळगावचे एक घड्याळजी आणि प्रस्तुत लेखक यांना यथेच्छ वापरण्यात आले. लेखक वगळता बाकी सर्व सुस्थितीत आहेत.

ती महिला म्हणजे आमच्या अक्का. कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्या सहायक होत्या आणि मी त्याच विभागात प्राध्यापक. कागदावर मी वरिष्ठ. प्रत्यक्षात, नोकरीच्या पहिल्याच दिवशी मी व्होल्टमीटर उलटा जोडला आणि अक्कांनी विद्यार्थ्यांकडे पाठ करून, एक शब्द न बोलता, तारा बदलल्या. आमचं नातं तिथेच कायमचं ठरलं. चारचौघांत त्या मला ‘सर’ म्हणत, एकटं गाठलं की ‘अरे’. पुढे दोन्ही एकत्र करून त्यांनी ‘अरे सर’ असं एक संबोधन तयार केलं. दोन वर्षांपूर्वी अक्का आणि भाऊ मुलाकडे नाशिकला राहायला गेले, तेव्हापासून मला असं हाक मारणारं गावात कोणी नाही. नुसतं ‘सर’ ऐकलं की अजून अर्धवट वाटतं.

अक्कांची मोठी ख्याती ही, की त्यांना कोणी ‘पुरे’ म्हटलेलं चालत नसे. प्रॅक्टिकलची वेळ संपली, शिपाई दाराशी किल्ल्या वाजवतोय, आणि एखाद्या पोराचं रीडिंग जुळत नाहीये, तर अक्का स्टूल ओढून त्याच्याजवळ बसायच्या. पोरगं काकुळतीला येऊन म्हणायचं, “अक्का, मीटरच चुकीचा आहे.” अक्का म्हणायच्या, “मीटर सकाळी बरोबर होता. तुला बस पकडायची आहे म्हणून तो चुकीचा झाला का?” आणि पुन्हा पहिल्यापासून.

त्यांचे यजमान, भाऊ, एसटीत वाहतूक नियंत्रक होते. उंच, शांत, शिट्टी वाजवल्यासारखं तोडून बोलणारे. धुळे स्टँडवर त्यांनी हात वर केला की गाडी थांबे, खाली केला की सुटे. “माझ्या हातावर शंभर गाड्या हलायच्या,” ते मला एकदा म्हणाले, “घरात एक माणूस हलत नाही.” भाऊ मूळचे शिरपूरकडचे. एरवी स्वच्छ पुस्तकी मराठी बोलत. फार आतून काही आलं तर मात्र अहिराणीत यायचं.

निवृत्तीनंतर कॉलेजातल्या बायकांची सहल मालवणला गेली, आणि तिथे पर्यटकांना तोंडात नळी देऊन दहा मिनिटं पाण्याखाली नेतात तसं अक्कांनाही नेलं. लहानपणी विहिरीत उड्या मारलेली बाई ती. दहा मिनिटांनी वर आल्यावर बाकीच्या बायका फोटो मागत होत्या आणि अक्का विचारत होत्या की याचा रीतसर कोर्स कुठे असतो. पुढच्या वर्षी त्यांनी मुलाच्या वयाच्या पोरापोरींत बसून तो कोर्स केला, लेखी परीक्षेत पहिल्या आल्या, आणि मग दर जानेवारीत चार-पाच बुड्या मारून यायच्या. वर्षाचे तीनशे साठ दिवस धुणं, भांडी, नातवाचा फोन. उरलेले पाच दिवस मासे.

तिसऱ्या वर्षी घोटाळा झाला. बरोबरचा वाटाड्या म्हणाला होता बारा मीटर. अक्का त्याच्या मागे गेल्या. संध्याकाळी त्यांचा खांदा भयंकर दुखायला लागला आणि बोटांना मुंग्या आल्या. दवाखान्यात नेलं, रात्रभर ठेवलं, सुदैवाने पुढे काही निघालं नाही. सकाळी अक्कांनी वाटाड्याला गाठून विचारलं, नक्की किती खोल गेलो होतो. तो हसून म्हणाला, “अठरा असेल, आंटी. बारा काय, अठरा काय.”

आदल्याच दिवशी अक्कांना न्यायला आलेले भाऊ शेजारीच उभे होते. घरी आल्यावर ते म्हणाले, “आता पुरे.”

आणि अक्कांनी पहिल्यांदाच ‘पुरे’ ऐकून घेतलं. मला नंतर म्हणाल्या, “अरे सर, खांद्याचा मला राग नाही. मी किती खोल होते हे मलाच माहीत नव्हतं, त्याचा राग आहे. दुसऱ्याच्या मनगटावरच्या आकड्यावर मी खाली गेले.” बरीच घासाघीस होऊन तह असा झाला: पुढच्या जानेवारीत एकदाच जायचं, भाऊ स्वतः बरोबर येणार. त्यांना पटलं तर पटलं. नाही पटलं तर हा विषय कायमचा बंद. अक्कांनी मान्य केलं आणि त्याच दुपारी वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं: ‘स्वतःचं यंत्र घेणे.’

या यंत्राला डाइव्ह कॉम्प्युटर म्हणतात. दिसायला जाडसर घड्याळ. आपण किती खोल आहोत, किती वेळ झाला, आणि अजून किती मिनिटं थांबलो तरी सरळ वर येता येईल, एवढं ते सांगतं. भरभर वर यायला लागलं की ओरडतं. का ओरडतं, हे अक्कांनी भाऊंना स्वयंपाकघरात सोड्याची बाटली एकदा सावकाश आणि एकदा फाडकन उघडून दाखवलं. दुसऱ्या खेपेला भाऊंचा सदरा भिजला. “रक्तात असं होतं,” अक्का म्हणाल्या. भाऊ सदरा झटकत म्हणाले, “म्हणूनच पुरे म्हणतोय.” प्रयोग यशस्वी, निष्कर्ष उलटा.

अशी यंत्रं विकणारा एक तरुण पुण्यात होता. त्याने फोनवर अक्कांना रंगीत पडदा, होकायंत्र, मोबाइलशी जोडणी, नळकांड्यातली हवा मनगटावर दाखवणारं यंत्र, असं बरंच काही सांगितलं. अक्का पंधरा मिनिटं ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “बाळा, मला वर्षातून पाच वेळा बुडी मारायची आहे. नौदलात भरती व्हायचं नाही.”

मग सुरू झाली बादली. प्रत्येक यंत्राच्या पडद्याचं चित्र अक्कांनी मोजून खऱ्या मापात छापून घेतलं, प्लास्टिकमध्ये बंद केलं, मनगटाला रबराने बांधलं आणि कोठीच्या खोलीत, दिवा मालवून, चष्मा काढून, हात बादलीत घालून वाचायला बसल्या. मी बाहेर वही घेऊन. आतून आवाज यायचा, “तीन नंबर, खोली दिसते, वेळ नाही. पुढचं दे.” त्याच सुमारास शेजारच्या काकू हळद मागायला आल्या, अंधाऱ्या खोलीत बादलीशी बोलणाऱ्या अक्का आणि दाराशी नोंदी घेणारा मी, असं दृश्य बघून हळद न घेताच गेल्या. सगळ्यांत देखणा रंगीत पडदा पहिल्याच दिवशी नापास झाला. त्याच्यावर इतकी माहिती होती की कामाचा आकडा मुंगीएवढा.

दुसरी परीक्षा माझ्या मते थोर होती. “हे यंत्र मी अकरा महिने बघणार नाही,” अक्का म्हणाल्या, “तर अकरा महिन्यांनी मला ते आठवलं पाहिजे.” म्हणून उरलेल्या चार यंत्रांची माहितीपुस्तकं त्यांनी जूनमध्ये वाचली, कपाटात कुलूपबंद केली आणि किल्ली मला दिली. सप्टेंबरात मी तोंडी परीक्षा घेतली. कुठलं बटण किती वेळ दाबायचं, कुठल्या खुणेचा अर्थ काय. चार बटणांच्या दोन्ही यंत्रांत अक्का साफ गडबडल्या. “मी नापास नाही,” त्या शांतपणे म्हणाल्या, “ती नापास.” दोन बटणांची दोन यंत्रं उरली.

शेवटचा निवाडा जळगावात झाला. अक्कांचं माहेर जळगावचं, आणि माहेरच्या गल्लीतल्या घड्याळवाल्या चाचांशिवाय दुसऱ्या कोणाच्या हातात त्या घड्याळ देत नसत. आम्ही बसने गेलो. चाचांनी डोळ्याला भिंग लावून दोन्ही यंत्रांची चित्रं खऱ्या घड्याळाइतक्या आदराने बघितली. “हे चार्जिंगवालं,” ते म्हणाले, “बेटा, तू साल में पाच दिन वापरणार. बाकी साल हे कपाटात उपाशी मरेल. सेल उपाशी राहिला की त्याची आदत बिघडते.” मग दुसऱ्यावर बोट ठेवलं. “ह्याचा सेल नाण्यासारखा. आपण बदलू शकतो. फक्त आतली रबराची चकती नवीन, आणि तिच्यावर केसाएवढाही कचरा नको. एक केस राहिला की समुद्र आत.” अक्कांनी विचारलं, “चाचा, तुम्ही बदलून द्याल?” चाचा म्हणाले, “समुद्र मैंने देखा नहीं. पण समुद्राला आत येऊ देणार नाही.”

ठरलं. दोन बटणांचं, मोठ्या आकड्यांचं, नाण्याच्या सेलचं, आणि वय सांगितलं की आणखी जरा सावधपणे मिनिटं मोजणारं. डिसेंबरात पुण्याहून आलं. अक्कांनी ते हातात घेतलं आणि म्हणाल्या, “आता तपासू या.” मी म्हटलं, कारखान्यात तपासलेलं असतं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला तो व्होल्टमीटर आठवला.

निघायच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, शिरपूरजवळ भाऊंच्या चुलतभावाच्या मळ्यात वांग्याच्या भरताचा बेत होता. केळीच्या बागेला लागून विहीर, आणि त्या वर्षी पाऊस चांगला झालेला, आठ परस पाणी. परस म्हणजे एक माणूस उभा बुडेल इतकी खोली. अक्कांनी दोराला दर मीटरवर लाल चिंधी बांधून आणली होती. दगड आणि यंत्र टोकाला बांधून दहाव्या चिंधीपर्यंत सोडलं, वर काढलं, आणि नोंद बघितली. नऊ पूर्णांक सात.

अक्कांचा चेहरा पडला. “तीस सेंटिमीटर खोटं बोलतंय.”

मी, एम.एस्सी. फिजिक्स, गंभीरपणे म्हणालो, “दोर ताणला गेला असेल.”

त्या विहिरीच्या काठावर बसून माहितीपुस्तक चाळत राहिल्या आणि दहा मिनिटांनी हसायला लागल्या. यंत्र समुद्राच्या पाण्यावर लावलेलं होतं. खारं पाणी जड, गोडं हलकं. गोड्या पाण्याची खूण लावल्यावर बरोबर दहा आलं. “अरे सर,” त्या म्हणाल्या, “घनता कोण शिकवतं कॉलेजात?” मी भरीत कसं होतंय ते बघायला गेलो.

चुलीकडे जाताना त्यांनी यंत्र पुन्हा पाण्यात सोडलं, यावेळी पार खाली, चौदा मीटरवर. झाकणातून पाणी शिरतं का, ते बघायला. तासाभराने काढायचं होतं. पण कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीच्या जाळावर वांगी भाजली जात होती, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी उतरत होत्या, आणि खानदेशात भरताच्या पंगतीतून तासाभराने उठलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. जेवण झालं, मग केळीच्या भावावर चर्चा, मग झाडाखाली डुलकी. चार वाजता अक्का दचकून उठल्या. तोवर भाऊ विहिरीशी पोचले होते. मदत म्हणून, आणि बादली ओढतात तसा, त्यांनी दोर सरासरा वर ओढला. विहिरीतून किंचाळण्याचा आवाज आला.

“हाई काय शे?” भाऊ म्हणाले, आणि दोर आणखी जोरात ओढला.

पाणी शिरलं नव्हतं. पण यंत्राच्या हिशेबाने एक माणूस चौदा मीटरवर सहा तास बसून, मध्ये कुठेही न थांबता, दगडासारखा वर आला होता. पडद्यावर विमानाचं चित्र आणि त्यावर फुली, म्हणजे विमानप्रवासही बंद. खाली इशारा: यंत्र बंद, अठ्ठेचाळीस तास पाण्यात उतरू नये. आणि आमची पहिली बुडी शनिवारी सकाळी नऊला. अठ्ठेचाळीस तास संपणार शनिवारी चारला.

पुण्याच्या तरुणाला फोन लावला. तो घाबरून म्हणाला, “मॅडम, तुम्ही सहा तास खाली होता?”

“मी नव्हते. दोर होता.”

“दोर?”

“विहिरीत.”

मग तो म्हणाला, की सेल काढूनही हे जात नाही. पण काळजी नको, पहिल्या दिवशी तिथलं भाड्याचं यंत्र घ्या, तुमच्या अंगाला काही झालेलं नाही. अक्कांनी त्याचे आभार मानले. गाडीत बसताना मी विचारलं, मग भाड्याचं घ्यायचं ना? त्या म्हणाल्या, “बघू.” अक्का ‘बघू’ म्हणाल्या की ठरलेलं असायचं.

शुक्रवारी दिवसभर प्रवास करून शनिवारी आम्ही मालवणच्या होडीत होतो. मला पोहता येत नाही. मी होडीच्या मधोमध, दोन्ही हातांनी फळी धरून, इतिहासाचा साक्षीदार म्हणून बसलो होतो. पोरंपोरी एकेक करून पाण्यात पडली. होडीवाला आभाळाकडे बघत म्हणाला, “काकी, उतरायचं तर आज उतरा. वारा फिरतोय. उद्याचं काय सांगता येत नाय.” नव्या वाटाड्याने भाड्याचं यंत्र पुढे केलं.

अक्कांनी आपल्या मनगटाकडे बघितलं. अजून सात तास होते.

“नको,” त्या म्हणाल्या.

मी समजावलं. वाटाड्याने समजावलं. आणि मग गंमत अशी झाली, की वर्षभर ‘पुरे’ म्हणणारे भाऊच अस्वस्थ झाले. सोमवारी परत निघायचं होतं. वारा खरंच फिरत होता. आणि काहीही झालं तरी दोर त्यांनीच ओढला होता. ते पुढे वाकून हळू आवाजात म्हणाले, “जाय ना आज. तू कोठे बुडनी व्हती? दोर बुडना व्हता.”

“माहीत आहे मला,” अक्का म्हणाल्या. “पण आज मी याला म्हटलं, तुला काय कळतं, तर उद्या खाली खरोखर वेळ संपली असेल तेव्हाही म्हणेन. तेव्हा तुम्ही नसाल सांगायला.”

भाऊ अक्कांकडे वळले. मग वर्षानुवर्षांचं गाऱ्हाणं त्यांनी स्वच्छ मराठीत मांडलं. “मी पुरे म्हटलं की नेमकी उडी मारतेस. आणि ही डबी म्हणाली तर बसून राहतेस?”

“तुम्ही घाबरून सांगता,” अक्का म्हणाल्या, “ती मोजून सांगते.”

खाली पोरांच्या हवेचे बुडबुडे वर येत होते आणि अक्का त्यांच्याकडे बघत होत्या. पन्नास मिनिटं. मी त्यांना प्रयोगशाळेत अनेकदा थांबताना पाहिलं होतं, पण ते दुसऱ्यांच्या रीडिंगसाठी. स्वतःसाठी असं हात मांडीवर ठेवून बसलेलं पहिल्यांदाच पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं की वाऱ्याने उडालेले शिंतोडे, ते मी विचारलं नाही.

चार वाजता यंत्र मोकळं झालं. रविवारी पहाटेपासून वारा सुटला. किनाऱ्यावर लाल बावटा लागला आणि एकही होडी गेली नाही. सोमवारी सकाळीही बावटा होता. वर्षभर निवडलेलं, बादलीत तपासलेलं, जळगावला दाखवलेलं, विहिरीत बुडवलेलं ते यंत्र समुद्राच्या पाण्यात एकदाही न उतरता परत निघालं.

गाडी मी चालवत होतो. घाट चढून आलो. मला राहवलं नाही, मी अक्कांची बाजू मांडायला लागलो, की भाऊ, त्या उतरल्याच नाहीत, म्हणजे परीक्षा झालीच नाही, तेव्हा निकाल कसा लावणार. मागून अक्का म्हणाल्या, “गप रे सर. एकदाच जायचं ठरलं होतं. गेलो.” मग त्यांनी यंत्र मनगटावरून सोडलं, पंच्याच्या टोकाने पुसलं, डबीत ठेवलं आणि दोन सीटच्या मधून माझ्यापुढे धरलं. “विभागात ठेव. पोरांना दाबाच्या प्रयोगाला होईल. चार्जिंगची कटकट नाही.”

मी एक हात स्टिअरिंगवर ठेवून दुसरा नाइलाजाने पुढे केला. डबी माझ्या हातात पोचलीच नाही. शेजारी बसलेल्या भाऊंनी ती मधल्यामध्ये उचलली, उघडली, आतला पट्टा सरळ केला, पुन्हा बंद केली आणि स्वतःच्या खिशात घातली. मग खिडकीबाहेर बघत, कोणालाच उद्देशून नसल्यासारखे, बोलून गेले:

“पुढला वरीसले चार दिननं बुकिंग करजो. तीन दिन कमी पडतस.”